बघून येतो म्हणण्याची सोय

लग्नाचा बस्ता बांधायला निघालेले कुटुंब पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उतरले की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. पहिल्या दुकानात कोणी काही घेत नाही. पांढऱ्याशुभ्र गादीवर बसायचे, चहा घ्यायचा, विक्रेता एकामागून एक घड्या मोडत जातो ते पाहायचे, शालू किती, मानपानाच्या साड्या किती हे मोघमच सांगायचे. विक्रेताही मुरलेला असतो. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो, "ताई, रंग उजेडात बघा" म्हणत साडी दारापर्यंत नेतो. अर्ध्या तासात गादीवर साड्यांचा ढीग होतो. मग घरातली सर्वांत अनुभवी बाई, बहुधा आत्या किंवा थोरली मावशी, गुडघ्यावर हात टेकून उठते आणि म्हणते, "छान आहेत हो, जरा पुढे बघून येतो."

"बसा ना, मालकांशी बोलतो," असे लगेच उत्तर येते आणि एकूण रकमेवर काहीतरी सुटते. नाहीच सुटले तर मामीसाठी एखादी साडी वर मिळते. 'एकच भाव' अशी पाटी भिंतीवर असली तरी बस्त्यापुढे ती जरा नरम पडते. यातली गंमत अशी की शेजारच्या दुकानात अजून कोणी पाऊलही टाकलेले नसते. त्या दुकानदाराला या व्यवहाराचा पत्ताही नसतो. तो तिथे आहे, एवढ्यानेच इथला भाव उतरतो.

स्पर्धेवर बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुस्ती असते: दोन पहिलवान, त्यांतला एक चीत. वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच थाटाचे असतात, अमुक कंपनीने तमुक कंपनीला धूळ चारली वगैरे. रोजच्या निवडीपुरते पाहिले तर कोण जिंकले याचे फारसे अप्रूप नाही. आत्याबाईंना गादीवरून उठता येते का, आणि उठण्याची किंमत त्यांना किती पडते, हे पाहावे. श्रोतेहो, इथे येणारी उदाहरणे या एकाच प्रश्नाने तपासायची आहेत. राज्यसेवेच्या काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात, ती स्पर्धा निराळी. तिथे जागा ठरलेल्या असतात आणि पुढे दुसरे दुकान नसते. तिच्यावर कोणीतरी स्वतंत्र व्याख्यान द्यायला हवे.

आधी एक कोडे. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवू पाहणारे दुकानदार एकमेकांना खेटून का बसतात? लक्ष्मी रस्त्यावर साड्या आणि सोने, अप्पा बळवंत चौकात पुस्तके, मुंबईत झवेरी बाजार आणि लॅमिंग्टन रोड, कोल्हापुरात गुजरी, येवल्यात पैठणीची दुकाने. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९२९ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये या जातीच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्याचे सार थोडक्यात असे: लांबलचक रस्ता, त्याच्या कडेने सारख्या अंतरावर राहणारी गिऱ्हाइके आणि एकच माल विकणारे दोन दुकानदार. दोघेही दुसऱ्याच्या बाजूची थोडी गिऱ्हाइके ओढायला मध्याकडे सरकत राहतात आणि अखेर एकमेकांना चिकटतात. टोकाला राहणाऱ्याची पायपीट काही कमी होत नाही. राजकीय पक्षही असेच एकमेकांसारखे होत जातात, असा चिमटा हॉटेलिंगने त्याच निबंधात काढून ठेवला आहे.

लक्ष्मी रस्त्यावर आणखी एक कारण काम करते, ते म्हणजे गिऱ्हाइकाची धास्ती. जरीचा कस आणि रेशमाचा पोत बहुतेकांना कळत नाही. उपनगरातल्या एकुलत्या दुकानात शिरताना आपण फसणार असे आतून वाटत असते. रांगेने दुकाने असली की चार ठिकाणी तशीच साडी हाताळता येते आणि भावाचा अंदाज येतो. म्हणून लोक हडपसरहून बस बदलून इथे येतात आणि पैठणीसाठी मुंबईहून येवला गाठतात. शेजारी प्रतिस्पर्धी असणे हीच दुकानदाराची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे, हे जुन्या पेढीवाल्यांना हॉटेलिंग न वाचताही ठाऊक होते.

उठून जाता येत नाही तेव्हा काय होते, हे पाहायला आकुर्डीच्या बजाज कारखान्यापर्यंत गेले तरी पुरे. बजाज ऑटोने इटलीच्या पिआज्जिओशी करार करून साठच्या दशकात व्हेस्पा स्कूटर बनवायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. वर्षाला किती स्कूटर बनवायच्या हे कारखान्याच्या हातात नव्हते. उद्योगांच्या विकास व नियमनाच्या १९५१ च्या कायद्याखाली मिळालेल्या परवान्यात तो आकडा असे आणि मागणी त्याच्या कितीतरी पट होती. नाव नोंदवल्यापासून गाडी दारात यायला आठ-दहा वर्षे लागल्याच्या कथा त्या पिढीच्या घराघरांत आहेत. मुलगा कॉलेजात असताना नोंदणी केली की त्याच्या लग्नाच्या सुमारास नंबर लागेल, असा हिशेब बाप मांडत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. त्यामुळे आखातात नोकरीला गेलेल्या भाच्याचा भाव एकदम वधारे. नंबर लागलेला एखादा धोरणी माणूस गाडी तशीच प्रीमियम घेऊन दुसऱ्याला देऊन टाकी.

ती गाडी सकाळी रुसली की मालक तिला एका अंगाला कलती करी, जरा थांबे, सरळ करून किक मारी. तरीही नाही म्हणाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घाशी. चेतक दणकट होती, याबद्दल वाद नाही. कोणत्याही गल्लीतला मेकॅनिक तिला खोलून पुन्हा जोडू शके, आणि नवरा-बायको, दोन पोरे व पायांशी भाजीची पिशवी एवढा संसार ती ओढी. पण दाराशी दहा वर्षांची रांग उभी असताना कलती न करता सुरू होणारी स्कूटर काढण्याची घाई कोणत्या कारखान्याला वाटेल? परवाना देणाऱ्या सरकारलाही ती घाई नव्हती. गैरसोय सोसणारा माणूस रांगेत उभा होता आणि रांग सोडून जायला त्याला जागा नव्हती.

ऐंशीच्या दशकात ती जागा झाली. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोकचे इंजिन असलेली ही मोटरसायकल एका लिटरमध्ये स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त पळे. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशीच हातमिळवणी करून बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर काढली आणि शहरातल्या असंख्य बायका लुना मोपेडवरून थेट तिच्यावर बसल्या. पुढे १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने उठले. बजाजलाही हलावे लागले. २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पल्सर बाहेर पडली, २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणे सोडण्याचा निर्णय घेतला आणि २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. रांग संपल्यावर तिथले अभियंते एकाएकी हुशार झाले, असे थोडेच आहे? आधीच्या वीस वर्षांत त्यांच्या हुशारीची कोणाला निकड नव्हती, एवढेच.

बस्त्यात उठण्याची मुभा घेणाऱ्याला असते. शेतमालाच्या बाजारात ती विकणाऱ्याला हवी, आणि चुरस लागायला हवी घेणाऱ्यांमध्ये. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला. इंग्रजांना त्यांच्या गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. शेतकऱ्याचा कळवळा हे काही त्याचे मुख्य कारण नव्हते. तरी त्या वाटेने पुढे उघड लिलावाची पद्धत रुजली. त्याआधी सौदे रुमालाखाली होत. आडत्या आणि व्यापारी हातात हात घेत, वर उपरणे किंवा रुमाल टाकत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून कापड हलताना पाही. कोणी किती बोली केली हेच त्याला कळत नसेल, तर बोली करणारे दोन आहेत की दहा, याने त्याला काय फरक पडणार?

आज लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, वरचे चार कांदे उचलून दाबून पाहतो, पत्ती कशी आहे ते बघतो, बोली चढते, आणि शेतकऱ्याची चार महिन्यांची मेहनत बघता बघता निकालात निघून घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण ट्रॅक्टरचे भाडे भरून झालेले असते, पिंपळगावच्या बाजारात जायचे तर डिझेल पुन्हा लागते, आणि तिथेही बहुधा तीच मंडळी किंवा त्यांचे भागीदार उभे असतात. लाल कांदा तर थांबतच नाही. तो आठ-पंधरा दिवसांत विकावा लागतो, नाहीतर सडतो.

उन्हाळ कांद्याचे तसे नाही. तो चाळीत चार-सहा महिने राहतो. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंनी वारा खेळेल अशा फटी आणि वर पत्रे, अशी ही साधी कांदाचाळ शेतकऱ्याच्या हाती जेवढी ताकद देते तेवढी आवारातल्या दहा पाट्याही देत नाहीत. मे महिन्यातल्या व्यापाऱ्याची स्पर्धा मग सप्टेंबरमधल्या व्यापाऱ्याशी लागते. बाजार सुधारण्याच्या चर्चेत नवे परवाने आणि नवे कायदे यांवर जितके बोलले जाते त्याच्या निम्मे तरी चाळींवर बोलले गेले, तर नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याला त्याचा जास्त उपयोग होईल.

चाळीचे बळ दोन गोष्टींपुढे मात्र चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी जवळजवळ दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. सगळे घेणारे एकाच वेळी उठून गेल्यावर विकणाऱ्याला बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी गोष्ट दिल्लीतून येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती २०२४ च्या मेपर्यंत. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू होता आणि तो गैर म्हणता येत नाही. पण दुबई, कोलंबो आणि ढाक्याचा घेणारा ही लासलगावच्या शेतकऱ्याची पुढची दुकाने होती आणि तो रस्ता अडवला गेला.

ग्राहकांनी एकत्र येऊन स्वतःच पुढचे दुकान उभारावे, हा प्रयोगही महाराष्ट्रात झाला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरवून वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. टंचाईच्या त्या वर्षांत कोपऱ्यावरच्या वाण्याला आपले गिऱ्हाईक बांधलेले नाही हे यातून कळले. मॉलच्या आणि मोबाइलवरून किराणा मागवण्याच्या काळात या संघांचे काय व्हायचे, हा वेगळा विषय.

मोबाइल फोनचा प्रवास सर्वांच्या डोळ्यांसमोर झाला. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. पुढे कंपन्या वाढल्या, दर पडले. तरी एक खिळा राहिला होता, तो म्हणजे नंबर. दुकानाच्या पाटीवर, लेटरहेडवर, मुलाच्या शाळेत, बँकेत एकच नंबर दिलेला. सेवा कितीही वाईट असली तरी तो बदलणे जिवावर येई. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवायचा की काम सुरू. तो संदेश गेला की जुन्या कंपनीचा फोन येई, आणि ज्या कॉल सेंटरवर कालपर्यंत अर्धा तास संगीत ऐकावे लागे तिथली बाई अदबीने एखादी खास योजना सांगू लागे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. फुकट डेटाच्या लाटेत गिऱ्हाइकांची चंगळ झाली आणि काही वर्षांत अनेक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. बीएसएनएल धरून आज चार नावे उरली आहेत. जून २०२४ च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दरवाढ जाहीर केली. यात संगनमत होते असे म्हणायला पुरावा लागतो. तीनच दुकाने असली की एकमेकांच्या पाट्या वाचूनही भाव चढतात, बैठक घ्यावी लागत नाही. १९०० चा संदेश आजही जातो, पण जायचे कुठे हा प्रश्न तिथे पुन्हा आला आहे.

बैठक घेतली गेली तर काय होते, याचे उदाहरण बिअरच्या धंद्यात आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये बड्या बिअर कंपन्यांना मिळून ८७३ कोटींहून अधिक दंड केला. राज्यांच्या अबकारी खात्यांकडे कोणता भाव मागायचा हे त्या वर्षानुवर्षे आपसांत ठरवत होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यांतल्या एका कंपनीला दंड शून्य झाला, कारण आयोगापुढे कबुली घेऊन ती पहिली गेली. कायद्यात तशी सवलतच आहे. संगनमत मोडायला संगनमत करणाऱ्यांतच चुरस लावून देणारी ही तरतूद ज्याने कोणी सुचवली, त्याला माणसांची पारख होती असे म्हणावे लागेल.

शेवटी एसटी. तिच्या बाबतीत हे सगळे हिशेब उलटेपालटे होतात, म्हणून ती मागे ठेवली.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या भरल्याशिवाय सुटत नसत आणि भरल्यावरही माणसे कोंबत. एसटीने ती स्पर्धा बंद करून त्या जागी वेळापत्रक आणि ठरलेले तिकीट आणले. कित्येक गावांना पहिल्यांदा तालुका दिसला तो तिच्या खिडकीतून. ऐंशी-नव्वदच्या दशकांत स्पर्धा मागच्या दाराने परत आली. या खासगी जीपला सातारा-सांगलीकडे वडाप म्हणतात, मराठवाड्यात काळी-पिवळी. स्टँडच्या फाटकाबाहेर जीप उभी, पोऱ्या "कराड, कराड" ओरडतोय, आत बारा माणसे आणि मागच्या पायरीवर दोघे. प्रवाशाला निवड मिळाली. पण वडाप जाते ते भरलेल्या रस्त्यावर, भरलेल्या वेळी. डोंगरातल्या गावी रात्री नऊला पोहोचून तिथेच राहणारी आणि पहाटे शाळेच्या मुली व दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन उतरणारी मुक्कामी गाडी एसटीलाच चालवावी लागते. तिचा तोटा भरून निघायचा तो हमरस्त्यावरच्या भरलेल्या फेऱ्यांतून, आणि नेमक्या त्याच फेऱ्या वडापने खाल्ल्या.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांना नायजेरियात हेच दिसले होते. तिथली रेल्वे इतकी गचाळ होती की उत्तरेतला भुईमूग शेकडो मैल ट्रकने बंदरावर जाई, तरी रेल्वे सुधारेना. गिऱ्हाईक पळाले की दुकान सुधारते, हा नियम इथे का चालला नाही? १९७० च्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात हिर्शमन यांनी त्याचा उलगडा केला. तक्रार करणारे, ओळखीपाळखीचे, आवाज असलेले लोक आधी ट्रककडे गेले. उरले ते गप्प बसणारे. तोट्याची भरपाई सरकार करत असल्याने रेल्वेला गिऱ्हाईक गेल्याचे दुःख नव्हते आणि ओरडणारेही कोणी उरले नव्हते. महाराष्ट्रात तहसीलदाराची, मास्तरांची आणि वकिलांची घरे एसटीतून उतरून स्वतःच्या गाडीत बसली, त्यानंतर स्टँडवरच्या मुताऱ्या कोणी स्वच्छ करून घ्यायच्या? जिल्हा परिषदेच्या शाळांनाही हाच हिशेब लागू पडतो. पाटलांचा मुलगा इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसला की गळक्या वर्गाबद्दल ग्रामसभेत बोलणारा पहिला माणूस गेला.

एसटी नसली तरी चालेल असे ज्यांना वाटत होते त्यांना २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपाने उत्तर दिले. ज्यांनी वर्षानुवर्षे एसटीत पाय ठेवला नव्हता त्यांनाही खासगी गाड्यांचे वाढलेले भाडे द्यावे लागले, कारण शेजारचे दुकान बंद होते. मुंबईत याच्या उलटा प्रयोग झाला. जुलै २०१९ मध्ये बेस्टने कमीत कमी भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले आणि स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगांतली माणसे बसच्या रांगेत येऊन उभी राहिली. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले.

खासगी आरामगाड्यांना राज्यात एक मर्यादा आहे. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्यांनी एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारायचे नाही. दिवाळीत आणि गणपतीत ती कशी पाळली जाते हे कोकणात किंवा विदर्भात गावी जाणाऱ्या कोणालाही विचारावे. तरी मोजपट्टी आहे, आणि ती एसटीच्या तिकिटाची आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच दिवशी खासगी गाड्यांची कमाल मर्यादाही आपोआप तेवढीच वर सरकली. त्यासाठी त्यांना कुठे अर्जही करावा लागला नाही.